नस गेली, दाढ राहिली

दाढेच्या दुखण्यात सगळ्यांत फसवी वेळ कोणती, तर ते आपोआप थांबतं ती. रात्ररात्र ठणका लागलेला असतो, गरम चहाचा घोट सोसत नाही, आडवं पडलं की कळ कानात जाते. लवंगेचा बोळा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मेडिकलमधून मागून आणलेल्या गोळ्या, सगळं करून झालेलं असतं. आणि एके दिवशी माणूस उठतो तो हायसं वाटूनच. गार लागत नाही, गरम लागत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, बरं झालं, डॉक्टरकडे जायचं वाचलं. खरं म्हणजे दाढेच्या आतला जिवंत भाग तेव्हा मेलेला असतो. कळ सांगायला आत कुणी उरलेलं नाही, एवढाच त्या शांततेचा अर्थ.

हे असं का होतं, ते दाढेच्या घडणीत आहे. वरचं पांढरं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटीन. ते दिसायला भरीव, पण त्यात आरपार गेलेल्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. आणि मधोमध पोकळीत मऊ गाभा. त्यालाच आपण सरसकट ‘नस’ म्हणतो. पण त्यात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्या असतात, डेंटीन घडवणाऱ्या पेशी असतात. या सगळ्याला बाहेरच्या शरीराशी जोडणारा मुख्य रस्ता एकच, मुळाच्या टोकाशी असलेलं मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं छिद्र.

शरीरात कुठेही जंतू शिरले की तिथे सूज येते. रक्त वाढतं, पाणी भरतं, बचावाच्या पेशी धावतात. बोट सुजतं, घसा सुजतो, कारण तिथे फुगायला जागा असते. दाढेच्या गाभ्याला ती नसते. चारी बाजूंनी कठीण भिंती. आतला दाब वाढतो आणि ज्या रक्तवाहिन्यांनी मदत पोचवायची त्याच दबू लागतात. हा कोंडमारा हळूहळू वरून खाली सरकत जातो. तोवर मज्जातंतू जिवाच्या आकांताने ओरडत असतात. पण नेमकं कुठे दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून रोगी कधी शेजारच्या दाढेकडे बोट दाखवतो, कधी वरच्या जबड्याकडे, कधी थेट कानाकडे. मग तेही गप्प होतात. गाभा सडतो, रिकाम्या झालेल्या पोकळीत जंतूंची वस्ती वाढते, आणि मुळाच्या टोकातून त्यांचं विष हाडात झिरपू लागतं. शरीर तिथे बांध घालतं, त्यासाठी स्वतःचंच हाड मागे घेतं. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी जो काळा गोल दिसतो, तो या माघारीचा ठसा. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, काहीही न दुखता चालू राहू शकतं.

चेन्नईच्या सौकारपेटमध्ये माझ्या ओळखीचे एक तात्या आहेत. मूळ गाव आटपाडीच्या बाजूचं, काम गलाईचं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली माणसं दुष्काळाला कंटाळून देशभर गेली आणि सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या या धंद्यात तिथे तिथे स्थिरावली. तमिळनाडूतल्या सराफ बाजारांतही त्यांच्या भट्ट्या आहेत. तात्यांची खालची दाढ अशीच आठवडाभर ठणकून गप्प झाली होती. पुढे काही महिन्यांनी हिरडीवर पुळी आली, गाल सुजला, तेव्हा ते दंतवैद्याकडे जायला तयार झाले. सोबत म्हणून मी गेलो. त्यांची तमिळ माझ्याहून कितीतरी चांगली, तेव्हा दुभाष्या म्हणून माझी गरज नव्हती. गरज होती ती शेजारी बसण्याची.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला, काळा गोल दाखवला आणि रूट कॅनॉल करून दाढ वाचवता येईल असं सांगितलं. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, “नस मेलीया म्हणतायत न्हवं? मग मेलेलं ठेवायचं कशाला? उपटून टाका म्हणावं, कटकट मिटंल.”

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. आधुनिक दंतवैद्यकाने विसाव्या शतकातली कित्येक वर्षं याच प्रश्नाशी झुंजण्यात घालवली, आणि त्यातली बरीच वर्षं त्याचं उत्तर तात्यांसारखंच होतं. म्हणून तो नीट विचारात घ्यायला हवा. जे आतून मेलं आहे ते वाचवलं असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

आपल्याकडे हा विषय फार जुना आहे. सुश्रुताने मुखरोग पासष्ट सांगितले, त्यांत दातांचे आठ. कृमिदंत हा त्यांतलाच एक. हलणारा किडका दात काढावा आणि ती जागा डागावी, असा त्याचा कल. वाग्भट आणखी एक वाट दाखवतो. दात अजून घट्ट असेल तर पोकळीत गूळ किंवा मेण भरून तापल्या सळईने डागावं, सातवीण आणि रुई यांच्या चिकाने ती भरावी. दाताला कीड म्हणजे खरोखरचा किडा लागतो हा समज तेव्हा जगभर होता. बाबिलोनियाच्या मातीच्या विटांवरही तो नोंदलेला आहे. 1728 मध्ये पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या मोठ्या ग्रंथात तो नाकारला, कारण शोधूनही त्याला किडा दिसला नाही. कारण चुकलं असलं तरी वाग्भटाच्या उपायात दोन गोष्टी मोलाच्या होत्या. घट्ट आणि हलता असा भेद त्याने केला, म्हणजे दाताची किंमत त्याच्या भोवतालच्या पकडीवरून ठरवली. आणि पोकळी उघडी ठेवायची नाही, भरून बंद करायची, हे त्याने जाणलं.

एकोणिसाव्या शतकात या कामाला हत्यारं मिळाली. वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड यांनी 1838 च्या सुमारास घड्याळाची स्प्रिंग घासून मुळाच्या नळीत जाईल अशी बारीक सुई बनवली. 1864 मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी दातावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवण्याची युक्ती काढली, म्हणजे लाळ आत जाऊ नये. 1890 मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर यांनी तोंडातल्या जंतूंवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. 1895 च्या अखेरीस क्ष-किरण सापडले आणि थोड्याच वर्षांत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी मुळाची लांबी पाहायला ते वापरले. संरक्षणाशिवाय त्या किरणांशी काम करत राहिल्याने केल्स यांना पुढे आधी बोटं आणि मग हातही गमवावा लागला. आज दवाखान्यात क्षणात निघणाऱ्या एक्स-रेमागे त्या माणसाचा हात आहे, हे विसरू नये असं मला वाटतं.

आणि मग 1910 साल आलं. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं. त्यांचा आरोप असा की दंतवैद्य सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल चढवतात आणि खाली साठलेला पू रक्तात जाऊन पंडुरोगापासून सांध्यांच्या दुखण्यापर्यंत सगळे विकार निर्माण करतो. त्या काळच्या कामाकडे पाहिलं तर आरोपात तथ्य होतं. एक्स-रे नव्याने आलेला, निर्जंतुकीकरण जेमतेम, आत काय उरलं याची खातरजमा नाही. पण त्या तथ्यातून निघालेला निष्कर्ष भयंकर ठरला. दातात जीव नाही म्हणजे तो विषारी, आणि विषारी म्हणजे काढून टाका. दंतवैद्य वेस्टन प्राइस यांनी रोग्यांचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली पुरले, ससे आजारी पडले, आणि तो पुरावा मानला गेला. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरं करण्यासाठी रोग्यांचे दात उपटले. तेवढ्याने भागेना तेव्हा टॉन्सिल आणि आतड्याचे भागही काढले. कितीतरी रोगी त्यात दगावले. अमेरिकेतल्या अनेक दंतमहाविद्यालयांनी मुळाचे उपचार शिकवणंच सोडून दिलं. दुखत नसलेले, घट्ट, कामाचे असंख्य दात त्या काळात केवळ संशयावरून गेले.

या लाटेला पहिला ठोस अडथळा आला तो आतल्याच माणसाकडून. सांध्यांच्या विकारांचे तज्ज्ञ रसेल सेसिल आधी या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. 1938 मध्ये त्यांनी आणि अँजेविन यांनी संधिवाताच्या 200 रोग्यांचा हिशोब मांडला. दात आणि टॉन्सिल काढून संधिवात हटत नाही, असं त्यांना दिसलं, आणि तसं त्यांनी लिहून टाकलं. 1940 मध्ये फिलाडेल्फियाच्या लुई ग्रॉसमन यांचं रूट कॅनॉल उपचारांवरचं पाठ्यपुस्तक आलं. 1943 मध्ये अमेरिकेत या शाखेच्या दंतवैद्यांची संघटना उभी राहिली. जवळजवळ हद्दपार झालेली विद्या परत वर्गात आली.

तरी मूळ प्रश्न उरलाच होता. दोष मरण्याचा, की जंतूंचा? त्याचं उत्तर 1965 मध्ये बेथेस्डाच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेतून आलं. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेरल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढा कोरून आतला गाभा मुद्दाम उघडा पाडला आणि उघडाच ठेवला. 15 उंदीर साधे होते. 21 उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले होते. साध्या उंदरांच्या दाढांत काही दिवसांतच गाभा सडला, मुळाशी गळवं झाली. निर्जंतुक उंदरांच्याही दाढांत अन्नाचे कण जाऊन बसत होते, जखम तेवढीच होती, तरी त्यांचा गाभा जगला. इतकंच काय, जखमेवर डेंटीनचा नवा थर धरू लागला. मग 1976 मध्ये स्वीडनच्या उमेओ विद्यापीठात योरान सुंडक्विस्ट यांनी माणसांचे असे 32 दात तपासले की जे मार लागून आतून मेले होते, पण वरून अखंड होते. ज्यांच्या पोकळीत जंतू सापडले त्यांच्याच मुळाशी हाड झिजलं होतं. जिथे जंतू नव्हते तिथे मेलेला गाभा वर्षानुवर्षं तसाच पडून होता आणि हाड शाबूत होतं.

या दोन प्रयोगांचा अर्थ माझ्या मते दंतवैद्यकाच्या पलीकडे पोचतो. मृत्यू स्वतः कुणाला बाधत नाही. बाधतं ते मेलेल्यात घर करून राहणारं. म्हणजे ‘मेलेलं ठेवायचं कशाला’ या प्रश्नाला उत्तर असं की, स्वच्छ करता येत असेल आणि बंद करता येत असेल तर ठेवता येतं. आता ‘ठेवण्यासारखं का’ हा दुसरा प्रश्न, त्याकडे येतोच.

तात्यांची दाढ डॉक्टरीणबाईंनी उघडली तेव्हा मी खुर्चीच्या बाजूला उभा होतो. भुलीच्या इंजेक्शननंतर दाढेवर हिरवा रबराचा पडदा ताणला, त्यातून एकटी दाढ वर आलेली. वरून छोटं दार केल्यावर खाली तीन काळे ठिपके दिसले, सुईच्या टोकाएवढे. खालच्या दाढेला साधारण तीन नळ्या असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी इतकी लपलेली असते की ती न सापडल्यानेच कित्येक उपचार फसतात. मग बारीक फाइली आल्या. त्यांचे दांडे रंगीत: जांभळी दहा नंबरची, म्हणजे टोकाशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड, पुढे पांढरी पंधरा, पिवळी वीस, तांबडी पंचवीस. एक तार ओठाला अडकवलेली, दुसरी फाइलीला. फाइल आत सरकत गेली तसा यंत्राचा आवाज जलद होत गेला आणि एका क्षणी सलग झाला. मुळाचं टोक आलं. दातातून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध त्या टोकाशी ठरावीक होतो, हे जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, आणि सुनादा यांनी 1962 मध्ये त्यावरून लांबी मोजण्याची रीत बसवली. एकवीस मिलिमीटर, असं बाईंनी मदतनीस मुलीला सांगितलं. मग तात्यांकडे वाकून विचारलं, “वलिक्कुदा?” दुखतंय का? तात्यांनी मान हलवली, नाही. त्या दर थोड्या वेळाने तेच विचारत राहिल्या. मेलेल्या नसेच्या दाढेवर काम करतानाही तो प्रश्न त्यांनी सोडला नाही, कारण नस मेली तरी मुळाच्या पलीकडे माणूस जिवंत असतो.

फाइल म्हणजे स्वच्छता, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही. मुळाची नळी एकसारखी गोल नसते. ती चपटी होते, फाटे फोडते, दोन नळ्यांच्या मध्ये फटी असतात. झुरिकच्या ओव्ह पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅनने दाखवलं की नळीच्या भिंतीच्या 35 टक्के किंवा त्याहून जास्त भागाला फाइल शिवतही नाही. म्हणून खरं शुद्धीकरण द्रवाचं. सोडियम हायपोक्लोराइट, घरात फरशीला वापरतात त्याच जातीचं. पहिल्या महायुद्धात डेकिन आणि कॅरेल यांनी सैनिकांच्या सडलेल्या जखमा धुवायला त्याचं सौम्य द्रावण वापरलं आणि तिथून ते दाताकडे आलं. ते जंतू मारतं आणि मेलेलं मांस विरघळवतं. फाइलीचं काम त्याला रस्ता करून देण्याचं. बाई पिचकारीने ते पुन्हा पुन्हा सोडत होत्या आणि गढूळ पाणी बाहेर येत होतं, मग कमी गढूळ, मग स्वच्छ.

नळ्या कोरड्या झाल्या की त्या भरायच्या. भरायची वस्तू म्हणजे गट्टापर्चाच्या फिकट गुलाबी काड्या. हा मलाया आणि आसपासच्या बेटांवरच्या झाडाचा चीक, रबराचाच सख्खा भाऊ, पण न ताणणारा. गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट, आणि शरीराला न बोचणारा. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर विल्यम मॉन्टगोमेरी यांनी 1840 च्या दशकात त्याचे नमुने सिंगापूरहून लंडनला पाठवले. समुद्राच्या पाण्यात तो कुजत नाही आणि विजेला अडवतो, म्हणून समुद्राखालच्या तारा त्यात गुंडाळल्या जाऊ लागल्या. 1870–71 मध्ये मद्रासहून पेनांग आणि सिंगापूरकडे टाकलेली तार अशीच होती. त्याच सुमारास, 1867 मध्ये, सेंट लुईच्या बोमन यांनी तो मुळाच्या नळीत भरून पाहिला. मद्रासच्या किनाऱ्यावरून ज्या चिकाच्या आवरणातून निरोप जात होते, तोच चीक आज त्याच शहरात कुणाच्याही दाढेत, कोणताही निरोप जाऊ नये म्हणून बसवला जातो. काडीच्या भोवती लेप असतो. ग्रॉसमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेपात झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातलं सत्त्व. आजीचा बोळा तिथेही पोचलेला आहे.

ग्रॉसमन यांचं नाव आलं म्हणून सांगतो. त्यांच्या 1940 च्या पुस्तकाच्या अमेरिकेत आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. 2014 ची तेरावी आवृत्ती सिद्ध केली ती बी. सुरेश चंद्र आणि चेन्नईचे व्ही. गोपीकृष्ण यांनी, आणि पुढच्या आवृत्तीचं कामही चेन्नईतूनच झालं. फिलाडेल्फियात सुरू झालेला ग्रंथ या शहराने पुढे चालवायला घेतला. मद्रास मेडिकल कॉलेजची एक शाखा म्हणून 1953 मध्ये सुरू झालेलं सरकारी दंतमहाविद्यालय फोर्ट स्टेशनजवळ आहे, सौकारपेटपासून फार लांब नाही. शहरात आणि आसपास आणखी कितीतरी दंतमहाविद्यालयं आहेत. दात ठेवण्याची विद्या इथे शिकवली जाते, लिहिली जाते आणि रोज हातांनी केली जाते.

दुसऱ्या बैठकीला येताना तात्यांनी मला विचारलं, आत भरून बंद केलं की पुन्हा कधी किडणार नाही ना? मी त्यांना त्यांच्याच मुलखातल्या गोष्टीची आठवण करून दिली. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डा, आतून कोरडा, हळद भरून तोंड मातीने असं बंद करायचं की हवा जाऊ नये. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. पण 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि कित्येक पेवं गेली. पेव टिकतं ते तोंड किती घट्ट बंद आहे यावर. रूट कॅनॉलचंही तसंच. आत कितीही सुंदर काम केलं आणि वर कॅप बसवायचं राहून गेलं, की तात्पुरत्या सिमेंटच्या कडेने लाळ झिरपते, जंतू पुन्हा उतरतात. शिवाय आतून पोखरलेली दाढ चावताना तडकते, आणि तडा मुळापर्यंत गेला तर मग खरंच काढण्यावाचून इलाज उरत नाही. ठणका थांबला की माणसं कॅपला येत नाहीत. दुखणं थांबणं म्हणजे बरं होणं, ही समजूत उपचाराच्या आधीही घात करते आणि नंतरही.

आता तो दुसरा प्रश्न. आतून रिकामी, चिकाने भरलेली, नसेविना दाढ ठेवण्यासारखी का असते? कारण दाढेचा जीव सगळाच तिच्या आत नसतो. मूळ हाडात रुतवलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पडदा असतो, मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका पातळ. हजारो तंतू एका टोकाने मुळात आणि दुसऱ्या टोकाने हाडात शिरलेले. दाढ त्यावर तोललेली असते, चावताना किंचित दबते आणि परत येते. या पडद्याला रक्त मिळतं ते बाहेरून, हाडातून आणि हिरडीतून. त्याला संवेदना असते तीही स्वतःची. गाभा मेला तरी हा पडदा जिवंत राहतो. म्हणूनच रूट कॅनॉल केलेल्या दाढेला गार-गरम कळत नाही, पण भातातला बारीक खडा कळतो, दाब किती द्यायचा ते कळतं. हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताला हा पडदा नसतो. तो काम चांगलं करतो, पण ही बारीक जाण त्याच्यापाशी नाही. आणि दात काढून जागा रिकामी ठेवली तर त्याला धरून असलेलं हाड हळूहळू ओसरतं, शेजारचे दात कलतात, समोरचा दात त्या रिकाम्या जागेकडे वाढतो.

रूट कॅनॉल म्हणजे दाताला पुन्हा जिवंत करणं नव्हे, आणि डॉक्टरांनी तसं कधी म्हणूही नये. जे गेलं ते गेलं हे कबूल करून, त्याचा सगळा सडका अंश काढून, भोवतालच्या जिवंत नात्याला त्रास होणार नाही अशा बेताने रिकामी जागा बंद करणं, एवढाच तो करार. वैद्यकाला बरं करणं माहीत असतं, काढून टाकणं माहीत असतं. यांच्या मधली ही तिसरी गोष्ट, निगुतीने राखणं, मला सर्वांत कठीण आणि सर्वांत माणुसकीची वाटते. तिला विजयाचा गाजावाजा नाही. तिला संयम लागतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाची काळजी लागते, आणि जे दिसत नाही तिथेही प्रामाणिकपणे काम करण्याची सवय लागते, कारण मुळाच्या टोकाशी काय झालं ते रोग्याला कधीच दिसणार नसतं.

मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. पायोरियाने तो जिवंत पडदाच गेला असेल, दाढ हलत असेल, तर आतलं काम कितीही चोख असून उपयोग नाही. सुश्रुत-वाग्भटांचा तो भेद आजही लागू आहे. मूळ उभं तडकलं असेल तर दाढ काढणंच योग्य. आणि कीड खोल असूनही गाभा अजून तग धरून असेल, तर हल्ली कॅल्शियम सिलिकेटच्या सिमेंटांनी त्याला झाकून जगवण्याचा प्रयत्न होतो. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात लोमा लिंडा येथे महमूद तोराबिनेजाद यांनी आणलेल्या एमटीए या सिमेंटाने त्याला वाट करून दिली. ठणका सुरू होताच माणूस आला तर कधी कधी नसही वाचू शकते. यासाठीच गप्प झालेल्या दाढेपेक्षा ओरडणारी दाढ बरी. आणि रूट कॅनॉलमुळे हृदयाचे, सांध्यांचे, कॅन्सरसारखे रोग होतात, असे जे निरोप मोबाइलवर फिरतात, ते वेस्टन प्राइस यांच्या सशांचेच वारसदार आहेत. त्यांच्या भीतीने कुणी घट्ट दाढ काढायला निघाला असेल तर त्याने थांबावं.

पण खरी अडचण भीतीची नाही, पैशाची आणि वेळेची आहे. दाढ काढणं एका बैठकीत, थोड्या पैशात होतं. ती राखायला दोन-तीन फेऱ्या, वर कॅप, आणि खासगी दवाखान्यात काही हजारांचा खर्च. सरकारी दंतमहाविद्यालयांत हे काम स्वस्तात होतं, पण तिथे रांग असते आणि प्रत्येक फेरीला रोज बुडतो. तात्यांची स्वतःची भट्टी आहे, ते तीनदा येऊ शकले. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या पोराची दाढ दुखली असती तर काय झालं असतं, हे त्यांनीच मला सांगितलं: “त्यो उपटूनच आला असता. पगार कोण देणार?” म्हणजे दाढ जाते ती जंतूंमुळे कमी आणि बुडणाऱ्या रोजामुळे जास्त. ज्याची दाढ राखण्यासारखी आहे त्याला ती राखण्याचा पर्याय खरोखर मिळावा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जवळपास मिळावा, संध्याकाळी कामानंतरही मिळावा. कॅपचा खर्च उपचाराचाच भाग मानून सरकारी योजनांनी उचलावा. दंतवैद्यांचा तोटा नसलेल्या तमिळनाडूला आणि महाराष्ट्राला हे अशक्य नाही.

आतून मेलेल्या दाढेला तिच्याभोवतीचं जे जिवंत आहे ते धरून ठेवतं, हे विज्ञानाने दाखवून दिलं. त्या धरून ठेवण्याला स्वच्छ हात, पुरेसा वेळ आणि परवडणारा दर मिळवून देणं हे आता विज्ञानाचं काम उरलेलं नाही, ते आपलं आहे. तात्यांनी कॅप बसवून घेतली आणि त्या बाजूने पुन्हा भाकरी चावायला लागले. ज्यांना परत यायला जमलं नाही, त्यांच्यासाठी दवाखान्याने आणि सरकारने एक पाऊल पुढे यावं, एवढीच अपेक्षा आहे.